छाटलेलं झाड टाकवत नाही, आणि घरात आता बादली उरली नाही

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं: "दहा महिन्यांपूर्वी माशांसाठी दोन फुटी टँक घेतला, साधारण 60 लिटरचा. हॉर्नवर्ट या तरंगत्या पाणवनस्पतीची एक जुडी, व्हॅलिसनेरिया या लांब पानांच्या पाणझाडाची चार रोपं आणि सहा गप्पी आणल्या. पाण्यावर तरंगणारं बारक्या पानांचं डकवीड कुठून आलं देव जाणे. सगळे म्हणाले होते की पाण्यातली जिवंत झाडं नवशिक्यांकडे टिकत नाहीत, माझी तर अशी माजलीत की मासे शोधावे लागतात. दर रविवारी छाटते, पण छाटलेलं टाकवत नाही म्हणून परत लावते. टँकमधली जागा संपली तेव्हा बादलीत टाकायला लागले, आता तीन बादल्या आणि खिडकीत अकरा काचेच्या बरण्या झाल्यात. आई म्हणते, बादल्या मोकळ्या कर नाहीतर आम्ही आंघोळ टँकमध्ये करतो. गालिच्यासारखी पसरणारी नाजूक झाडं हौसेनं पुढे लावली होती, ती मात्र तीन आठवड्यांत कुजली. हल्ली सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, पिल्लं तर मोजायचीच सोडून दिलीत. खायला आम्ही तिघंही घालतो, त्यामुळे उपाशी कुणी नाहीये. आता आठवडाभर लाइट बंद ठेवून वाढ थांबवू, की सगळं उपटून प्लास्टिकची झाडं लावू, की जवळच्या तळ्यात नेऊन सोडू? तिथे निदान जगतील तरी. – बादल्यांत अडकलेली"

बादल्यांत अडकलेली, तुमचं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग आमच्या बाल्कनीतल्या टबाकडे नजर गेली आणि गप्प बसले. त्यामुळे हे उत्तर वरून कुणी उपदेश करतंय असं वाचू नका, मी पण त्याच बादलीतली आहे.

तुम्ही तीन पर्याय विचारलेत आणि तिन्ही झाडांचं काय करायचं याबद्दल आहेत. पण मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते वाटलंच नाही, मला अडखळवलं ते "खायला आम्ही तिघंही घालतो" या वाक्यानं. तुम्ही सकाळी चिमूटभर घालत असाल, आई दुपारी घालत असतील कारण मासे काचेपाशी येऊन बघत बसतात, आणि बाबा रात्री, बहुतेक कुणाला न सांगता. (गप्पी पोट भरलं असलं तरी काचेपाशी येऊन बघतातच, त्यांचा चेहराच तसा आहे.) हे सगळं खाद्य जातं कुठे? माशांच्या पोटातून ते अमोनिया (माशांना विषारी) म्हणून पाण्यात येतं, उरलेलं तळाशी कुजून पण अमोनियाच होतो. फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण तुमच्याकडे त्यांच्याही आधी हॉर्नवर्ट हात मारतं, कारण बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन जास्त सोपा पडतो. आणि हॉर्नवर्टला मुळं नसतातच, म्हणजे मातीत काय आहे नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते सगळ्या अंगानं पाण्यातून ओढून घेतं. म्हणजे तुमच्या तीन बादल्यांमध्ये पाणी आणि हवेतला कार्बन सोडला तर जो काही ऐवज आहे तो बराचसा खाद्याच्या डब्यातून आलेला आहे.

आता त्यात पुढची गंमत बघा. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं टाकते, आणि नर काढून घेतला तरी पुढचे काही महिने टाकत राहू शकते, कारण ती शुक्राणू साठवून ठेवते. मोकळ्या टँकमध्ये यातली बरीच पिल्लं मोठे मासे, कधी खुद्द आईच, गिळून टाकतात. पण तुमच्याकडे हॉर्नवर्टचं जंगल आहे, त्यात पिल्लू शिरलं की सापडत नाही. म्हणजे झाडं वाढली म्हणून पिल्लं वाचली, पिल्लं वाचली म्हणून मासे वाढले, मासे वाढले म्हणून खाद्य वाढलं, आणि खाद्य वाढलं म्हणून झाडं वाढली, असं ते चाक तुमच्या हॉलमध्ये दहा महिने फिरतंय आणि त्यातून बाहेर पडायचं एकच दार आहे, ते म्हणजे तुमचा रविवार. तुम्ही छाटून बाहेर काढता तेव्हा टँकमधला नायट्रोजन, फॉस्फरस खरोखर बाहेर जातो. नुसतं वाढलेलं झाड आतच राहिलं, म्हातारं झालं आणि कुजलं, तर ते सगळं परत पाण्यात. म्हणून छाटलेलं परत टँकमध्ये लावणं म्हणजे केर काढून तो पलंगाखाली सारणं झालं, राग मानू नका.

1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं असाच एक प्रयोग लिहून ठेवलाय: पाण्याचं भांडं, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया, तीच जी तुमच्याकडे आहे. झाड आणि मासे एकमेकांना सांभाळतील असा त्याचा हिशोब, आणि तो बराचसा बरोबरही होता, पण व्हॅलिसनेरियाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ, काचेवर हिरवा थर. मग त्यानं गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि गाडं रुळावर आलं. तुम्ही पत्रात शेवटी शेवटी बारक्या गोगलगायींबद्दल वैतागून दोन ओळी लिहिल्यात त्या मी वर घेतल्या नाहीत, पण उत्तर हेच, त्या तुमच्या कामाच्या आहेत, खाद्य कमी केलंत की त्याही कमी होतील.

टाकवत नाही हे मला अगदी कळतं. एवढं हिरवंगार, टवटवीत, आणि ते कचऱ्यात? पण जरा असं बघा, तुमच्या अकरा बरण्यांमध्ये अकरा झाडं आहेत का? हॉर्नवर्ट एका जुडीतून तुटत तुटत वाढलंय, प्रत्येक तुकडा त्याच झाडाचा. व्हॅलिसनेरिया रनर सोडते, मातीलगत एक दोरी सरकत जाते आणि काही बोटं अंतरावर नवं रोप उभं राहतं, पुन्हा दोरी, पुन्हा रोप. तेही मूळ रोपाचंच अंग. तुम्ही बी पेरून कुणाला जन्माला घातलेलं नाहीये. एका बरणीतलं टाकलं तर ते झाड मरत नाही, ते टँकमध्ये मजेत आहे. आपण नखं कापतो तेव्हा रडत नाही.

बरं, मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं. इथे बहुतेक लोक उलटं करतात, बुंधा ठेवतात आणि शेंडा टाकतात, कारण जमिनीतल्या झाडाची ती सवय असते. हॉर्नवर्टची एक लांब डहाळी पाण्याबाहेर काढून उजेडात धरा. शेंड्याकडे सुया दाट, गडद, मांजराच्या शेपटीसारख्या भरीव दिसतील, खाली येत जाल तसं दोन पेरांमधलं अंतर वाढत जातं, सुया विरळ होतात, आणि तळाला नुसती पिवळट तपकिरी काडी उरते, हाताला लागली की सुया गळून पडतात. वरचा वीतभर शेंडा ठेवायचा, बाकी टाकायचं. मातीत खोचू नका, खोचलेला भाग कुजतो, तरंगू द्या नाहीतर दोऱ्यानं दगडाला सैल बांधा. हायग्रोफिला, लुडविजिया, रोटाला असली दांड्यावर वाढणारी झाडं कुणाकडे असतील त्यांनाही हेच, पेराच्या जरा खाली धारदार कात्रीनं कापायचं, खालच्या एकदोन पेरांवरची पानं काढून टाकायची आणि शेंडा मातीत खोचायचा, त्या उघड्या पेरातूनच मुळं फुटतात. बुंधा दोन फुटवे देतो, जागा असेल तर ठेवा, तुमच्याकडे नाहीये.

व्हॅलिसनेरियाचं वेगळं. तिची पानं वरून अर्धी कापायची नाहीत, कापलेली कड तपकिरी पडते आणि खाली विरघळत येते. पान लांब झालं असेल तर ते अख्खं बुडापाशी धरून काढायचं. पिल्लू रोप वेगळं करायचं असेल तर त्याला तीनचार पानं आणि स्वतःची मुळं येऊ द्या, मग मधली दोरी कापा. आणि लावताना जिथे पानं आणि मुळं एकत्र येतात तो पांढरट गड्डा मातीच्या वर दिसला पाहिजे, तो गाडला गेला की रोप कुजतं. पुढच्या भागात सरकलेले रनर दिसले की लगेच काढत जा, एकदा सवय लागली की चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आहे.

आता डकवीड, जे कुठून आलं देव जाणे. मी सांगते कुठून आलं, हॉर्नवर्टच्या जुडीत दोन ठिपके अडकून आले असणार, ते असंच येतं. उजेड आणि खाद्य भरपूर असेल तर ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकतं. तीन दिवस धरा, एका पानापासून महिन्याभरात दहा वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर 1024. म्हणून "थोडंसं ठेवते, बरं दिसतं" हे डकवीडच्या बाबतीत चालत नाही. तुमच्या माशांचं सकाळचं वर येणं मला तरी इथेच जोडलेलं वाटतं. रात्री प्रकाश नसतो तेव्हा झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट माशांसारखीच वापरतात, त्यात झाडं खच्चून भरलेली, मासे वाढलेले, आणि वर डकवीडची गोधडी, म्हणजे हवेतून पाण्यात ऑक्सिजन यायचा तोही रस्ता बंद. पहाटे सगळ्यात वाईट अवस्था. हे काम रविवारपर्यंत थांबवू नका, आजच निम्मा पृष्ठभाग मोकळा करा, बारीक जाळीनं किंवा जुन्या गाळणीनं डकवीड काढा, फिल्टरचा पाइप असा वळवा की पाणी वर थोडं हलेल, एअर पंप असेल तर रात्री चालू ठेवा. डकवीडला हलतं पाणी आवडत नाही हाही फायदा. एअर पंपच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन दोन्ही टोकं जोडून कडं करा आणि पाण्यावर तरंगत ठेवा, कड्याच्या आत मोकळं पाणी राहतं, खाद्य तिथेच टाका. मी हे कडं दोन वर्षं वापरतेय, दिसायला भिकार आहे, काम झकास करतं. हे सगळं करूनही दोन-तीन दिवसांत मासे सकाळी वरच दिसले तर टेस्ट किटनं अमोनिया आणि नायट्राइट बघा, दोन्ही शून्य असायला हवेत. नसले तर थोडं थोडं पाणी बदला, नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी काढून.

तुमच्या तीन पर्यायांकडे येते. लाइट आठवडाभर बंद ठेवला तर वाढ थांबेल, पण झाडं थांबून वाट बघत बसत नाहीत, एवढं दाट जंगल अंधारात खालून कुजायला लागेल आणि त्या कुजण्याचा अमोनिया त्याच पाण्यात. लाइट परत चालू केलात की आधी शेवाळ उठेल. टायमर लावा, रोज सहा ते आठ तास ठरलेले, खिडकीतलं थेट ऊन टँकवर येत असेल तर ते अडवा, बस.

सगळं एकदम उपटून प्लास्टिक लावायचं, हे मी केलंय, पाहुणे यायचे होते म्हणून. एका दुपारी टँकमधलं जवळजवळ सगळं हॉर्नवर्ट उपसलं, तळाचा गाळ ढवळला गेला, फिल्टरचा स्पंज पण उत्साहात नळाखाली खळखळून धुतला. संध्याकाळी टँक काय सुंदर दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पाच मासे आडवे. झाडं जो अमोनिया रोज उचलत होती तो उचलणारं कुणी उरलं नव्हतं, आणि बॅक्टेरियांना मी नळाच्या क्लोरीननं धुऊन काढलं होतं. तेव्हापासून माझा नियम, एका वेळी तिसऱ्या भागाहून जास्त काढायचं नाही, मध्ये आठवडा जाऊ द्यायचा, आणि स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. प्लास्टिकची झाडं लावायला माझी ना नाही, पण ती काहीही उचलत नाहीत, मग ते काम पाणी बदलून तुम्हाला करावं लागेल. सहा माशांना ते जमेल, आत्ता जेवढे असतील तेवढ्यांना नाही.

तळ्यात सोडणं. नको. इथे मी बाकीच्या दोन पर्यायांसारखं मवाळ बोलणार नाहीये. तुमचा हेतू चांगला आहे, पण जलपर्णी आठवा. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, लोकांनी जांभळ्या फुलांच्या मोहानं जगभर नेली आणि आता तळी, नद्या झाकून बसलीय. हायड्रिला हे पाण्यातलं झाड अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 1950 च्या दशकात ॲक्वेरियमच्या धंद्यातूनच पोचलं आणि तिथल्या पाण्यात माजलं. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ समुद्रात कॉलर्पा नावाचं टँकमधलं शेवाळ दिसलं, जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा होता, पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. तुमचं हॉर्नवर्ट तळ्यात आधीपासून असेलही, पण त्याच्याबरोबर डकवीड जाईल, गोगलगायींची अंडी जातील, एखादं गप्पीचं पिल्लू जाईल, टँकमधले रोग जातील. ज्या गुणामुळे ते तुमच्या बादलीत मरत नाही, त्याच गुणामुळे ते तळ्यात नको. आणि संडासात, मोरीत पण सोडू नका, सुईएवढा तुकडा पुरतो त्याला, शिवाय मोरी तुंबली तर आईंना आयतं निमित्त.

मग करायचं काय, तर वाळवायचं. छाटलेलं सगळं चाळणीत निथळून घ्या, जुन्या कागदावर पातळ पसरा, कडक उन्हात ठेवा. पाण्यातल्या झाडांत लाकूड जवळजवळ नसतं, पाणी त्यांना उभं धरतं, त्यामुळे ती उन्हात बसलेल्या फुग्यासारखी गळतात. पहिल्या दिवशी चिखलाचा वास येईल, मग तोही जाईल, आणि बादलीभर हॉर्नवर्टचा मुठीत मावेल असा करकरीत चुरा उरेल. पूर्ण वाळला की कंपोस्टमध्ये किंवा कुंडीतल्या मातीत मिसळा. पाणी बदलताना निघणारं टँकचं पाणी पण कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं (मिठाचं किंवा औषध घातलेलं पाणी सोडून). हे एकदा केलंत ना, की टाकवत नाही हा प्रश्न माझ्या अनुभवानं निम्मा सुटतो, कारण ते टाकल्यासारखं वाटतच नाही.

कुणाला द्यायचं असेल तर जरूर द्या, शेंडे ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बंद केले की दोनेक दिवस प्रवास सोसतात, हॉर्नवर्ट मात्र थोड्या पाण्यातच द्या आणि आधीच सांगा की नव्या पाण्यात ते आठवडाभर सुया गाळेल, घाबरू नका. हेही सांगा की यात डकवीड आणि गोगलगायी असू शकतात. न सांगता देणारे असतात, तुम्हाला कुणीतरी तसंच दिलंय. घेणाऱ्यानं दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावं.

ते कुजलेलं नाजूक गालिच्याचं झाड राहिलंच. ते तुमच्यामुळे गेलं असं मला वाटत नाही, वरचं हॉर्नवर्ट आणि डकवीड उजेड खाऊन टाकतात आणि असल्या झाडांना तळापर्यंत चांगला उजेड आणि बऱ्याचदा वेगळा कार्बन डायऑक्साइड लागतो. शिवाय यातली पुष्कळ झाडं विकायला वाढवतात ती पाण्याबाहेर, दमट हवेत, पाण्यात बुडवली की जुनी पानं गळणारच. पुन्हा तोच हट्ट करण्यापेक्षा सावलीत चालणारं काहीतरी आणा, अनुबियास किंवा जावा फर्न, दोन्ही हळू वाढतात, दोन्ही दगडाला किंवा लाकडाला बांधायची, त्यांचं आडवं खोड मातीत गाडायचं नाही. जावा फर्नच्या जुन्या पानांवर बारकी रोपं फुटतात, तेवढी नवी झाडं करायची हौस तुम्हाला पुरेल. हॉर्नवर्ट मात्र लगेच शून्यावर आणू नका, मूठभर राहू द्या, खाद्य आणि मासे आटोक्यात येईपर्यंत ते तुमचं राखणदार आहे. उलट कधी जुनी पानं पिवळी पडायला लागली तर घाबरून खाद्य वाढवू नका, आधी नायट्रेट बघा, झाडं जास्त आणि खाणं कमी असं झालं की नायट्रेट शून्यावर येतो आणि झाड जुन्या पानातला नायट्रोजन नव्या पानाला देतं. तेव्हा आणखी थोडं छाटा.

माशांचं म्हणाल तर नर आणि माद्या वेगळ्या करा, जे जास्तीचे आहेत ते टँक असलेल्या ओळखीच्यांना द्या. आणि खाद्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात. माझं मत विचाराल तर तो बाबांकडे द्या, चोरून घालणाऱ्याला अधिकृत केलं की तो शिस्तीत येतो, पण आठवड्याचं खाद्य सात पुड्यांत बांधून द्या, दिवसाला एक पुडी, मिनिटभरात संपेल एवढीच, आणि एक पुडी रिकामी ठेवा, मोठे मासे एक दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही.

या रविवारी टँकला हात लावू नका, फक्त डकवीड काढलंत तेवढं पुरे. आधी बादल्या. एक बादली वाळत घाला, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग तिसरी, उपसण्याआधी पिल्लं अडकलेली नाहीत ना ते मात्र बघा. बरण्यांपैकी एक खिडकीत ठेवा, टँकमध्ये कधी काही बिनसलं तर त्यातले शेंडे उपयोगी पडतील. उरलेल्या दहा घासून आईंना परत द्या, झाकणांसकट.